हरणांच्या नावाने अर्धा एकर

परसातल्या माझ्या वाफ्यात टोमॅटो करपले
तेव्हा आर्विड काही बोलला नाही.
पण टेकडीखालच्या त्या अर्ध्या एकराची माती
कागदी पिशवीत भरून, वर तारीख घालून,
काउंटीच्या कचेरीत स्वतः नेऊन दिली त्याने.
माती आंबट आहे, असा कागद आला.
मग चुन्याची बावीस पोती.
रात्री कंबरेला मलम चोळत होते मी
आणि हा उशीत तोंड खुपसून म्हणतो,
'हरणांना आंबट चालत नाही, इडेला.'

बी केवढंसं? मोहरीएवढं.
मोहरीच्याच घराण्यातलं ते, सलगम.
दाट पडलं तर गड्डे पोसत नाहीत,
म्हणून वाळूत कालवून
गळ्यात अडकवलेल्या यंत्राचा दांडा फिरवत
ऑगस्टातल्या एका शनिवारी, ढग बघून,
तो शेतभर चालला,
चर्चमध्ये दानाची थाळी फिरवतानाचा
तोच गंभीर चेहरा करून.
मधोमध जाळीचा एक पिंजरा रोवला.
आत किती वाढलं, बाहेर किती उरलं,
ताडून पाहायला.

ऑक्टोबरात आत-बाहेर सारखंच.
गुडघाभर पाला, एका पानाला दात नाही.
जांभळ्या माथ्याचे गड्डे मातीतून अर्धे वर,
थंडीत टोपी विसरलेल्या पोरांच्या कानांसारखे.
हरणं यायची.
पानाला नाक लावायची,
आणि सेल्मरच्या मक्यात निघून जायची.
सेल्मर कुंपणावर कोपर टेकून विचारायचा,
'हे खायचं असतं, हे सांगितलंयस का त्यांना?'

मी दोन गड्डे उपटून आणले, लोण्यात परतले.
वाईट नव्हते. थोडे तिखट.
कडक थंडी पडल्याशिवाय पाल्यात साखर उतरत नाही म्हणे,
आणि त्या वर्षी विस्कॉन्सिनात
नोव्हेंबर संपेस्तोवर लोक नुसत्या स्वेटरवर फिरत होते.
शिकारीचे नऊ दिवस आर्विड मचाणावर बसला,
नारिंगी जाकीट, मांडीवर बंदूक, थर्मासमध्ये माझी कॉफी.
दिसलं काय?
खारी. आणि सेल्मरचा कुत्रा, दोनदा.
दहाव्या दिवशी बंदुकीला तेल लावून
कपाटात ठेवली. बोलणं नाही.

जानेवारीत एका रात्री त्याने मला हलवून उठवलं.
बाहेर उणे पंचवीस, चांदणं, मांडीपर्यंत बर्फ.
खिडक्या बंद, तरी कुजबुजत होता,
'सतरा आहेत.'

फाटक्या कानाची एक म्हातारी मादी
पुढच्या खुराने बर्फ उकरत होती.
थांबायची, हुंगायची, पुन्हा उकरायची.
बाकीच्या तिच्याकडे बघून शिकत होत्या.
आर्विडने खिडकी वर सरकवली.
त्या थंडीत! मी ओरडणार होते.
पण आवाज आला,
कडक्, कडक्,
शाळेच्या मधल्या सुट्टीत सगळ्या वर्गाने
एकदम सफरचंदं खावीत तसा.

'तो आहे का त्यात?' मी विचारलं.
'तो' म्हणजे कोण, हे या घरात सांगावं लागत नाही.
त्याच्याचसाठी तर चुना, वाळू, बी, पिंजरा.
आर्विडने दुर्बीण लावली. बराच वेळ बघत राहिला.
'असेल,' म्हणाला. 'शिंगं गळलीयत सगळ्यांची.
आता कोण कोण, कसं सांगू?'
दुर्बीण माझ्या हातात दिली,
आणि स्वतः नुसत्या डोळ्यांनी बघत बसला,
पायांवर माझी शाल ओढून.

मार्चमध्ये बर्फ वितळला.
न खाल्लेले गड्डे जागच्या जागी कुजले,
आणि असा वास सुटला
की सेल्मरचा फोन आला, तुमच्याकडे काय मेलंय.
आर्विड टेबलावर बियांची यादी पसरून बसला होता.
'आठवडाभर आधी पेरलं तर...' म्हणाला,
वाक्य पुरं केलं नाही,
मीही विचारलं नाही कशासाठी.

दुपारी पाहिलं तर
उरलेलं चुन्याचं एक पोतं
त्याने माझ्या टोमॅटोच्या वाफ्यात ओतून ठेवलेलं.
सबंध पोतं.
चमचाभर पुरला असता.